इंजनाखालचा तवा

इंजनाचं पोट हा यंत्राचा सर्वांत नाजूक भाग होय, आणि त्याची हेळसांड करणाऱ्या समाजाला भवितव्य नसतं. वाशीचे भुसार व्यापारी शिवशरण यांना हे एकोणीसशे चाळीस साली, निजामाच्या राज्यात, गावाबाहेरच्या वाटेवर कळलं. त्यांनी सोलापूरहून जुनी फटफटी आणली होती. वाशीत तेव्हा यंत्रं तीन: पिठाची गिरणी, शिवणयंत्र आणि ही. (कचेरीतलं घड्याळ धरलं तर चार, पण ते बंद होतं.)

पंचमीला बायकोला, शिवगंगाबाईंना, फटफटीवर बसवून माकणीला माहेरी न्यायचं त्यांनी चारचौघांत कबूल केलं होतं. पण पहिल्याच फेरीत दगड उडून इंजनाला लागला. शिवशरणांच्याच पोटात कळ आली.

वाटेवरचे दगड काढावेत म्हणून त्यांनी कचेरीत दरख्वास्त दिली. एकोणीस दिवसांनी जवाब आला: 'सदर दगड पूर्वापार तिथंच असून गाडी नवीन आलेली आहे. सबब बाजूला होण्याची जबाबदारी गाडीची.' एवढा न्याय्य निकाल मिळाल्यावर शिवशरण थेट वीरप्पा लोहाराकडं गेले.

वीरप्पानं वाकून पाहिलं. "शेट, खालून लोखंडी पत्रा लावावा लागतोय. जाड, जरा फुगीर. दगड घसरून जाईल असा."

असा पत्रा शिवशरणांच्या चुलीवरच होता.

"आन् मी भाकरी कशावर भाजू?" शिवगंगाबाईंनी विचारलं.

"पंचमीपस्तोर भात खाऊ."

तव्याला चार भोकं पाडून, फुगीर बाजू खाली ठेवून वीरप्पानं तो आवळला. दुसऱ्या फेरीत दगड ठणकन् आपटला, इंजन सुखरूप! पण तव्यावर ओरखडा उठला. शिवशरणांना जेवण गेलं नाही. एवढा गुणी तवा, त्याला वाली कोण?

म्हणून तव्याखाली गुळाच्या काहिलीचा तुकडा बसला. काहिलीला पोचा येऊ नये म्हणून खाली सागाची फळी. फळीला चीर जाऊ नये म्हणून दुहेरी वाकळ.

"शेट, चाकं अधांतरी झाली की," वीरप्पा म्हणाला.

"झाक झालं! आता चाकंबी झिजायची न्हाईत."

त्या श्रावणात इंजनाला लागलेले दगड: शून्य. कापलेलं अंतर: तितकंच.

पंचमीला शिवगंगाबाई नवं लुगडं नेसून मागं बसल्या. शिवशरणांनी लाथ मारली. इंजन गरजलं, मागचं चाक हवेत गरगर फिरलं, धुरानं गल्ली भरली. बराच वेळ गेला. समोरचा लिंब जिथल्या तिथंच होता.

"माकणी कवा येती म्हनायची?"

"बस की गुमान. आवाज ऐक, कसा चोख हाय!"

त्यांनी तो नीट ऐकला. मग उतरल्या, आणि माहेरी न्यायला मूळ म्हणून आलेल्या भावाच्या, श्रीमंतच्या, बैलगाडीत बसून निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "इंजनाला जपा. जेवायचं तुमचं तुमी बघा."

शिवशरणांना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते समाधानाचं, असं त्यांनी वीरप्पाला सांगितलं.

वाचकांचं हसून झालं असेल, तर त्यांनी आपल्या काचेच्या कपाटातला तो फुलाफुलांचा कपांचा संच काढून आज त्यात चहा घ्यावा.

नको? असू द्या. घरातलीच तर माणसं आहेत.