विठूकाकांची लाईट

पेणजवळच्या जोहे गावात गणपतीचे डोळे आखावेत ते विठूकाकांनीच. डावा डोळा गच्च मिटायचा, उजवा मूर्तीला भिडवायचा, श्वास रोखायचा, की दोन फटकाऱ्यांत देव बघायला लागलाच म्हणून समजा. मिटलेला डोळा काम संपल्याशिवाय उघडायचा नाही, ही चाळीस वर्षांची सवय.

चतुर्थी तोंडावर आली आणि नेमकी लाईट जायला लागली.

"लाईट गेली गो सरू," ब्रश हवेत धरून काका म्हणाले.

"पंखा तर फिरतोय," बायको म्हणाली.

मघाच्या वेगावर फिरत असेल, असं काकांनी ठरवून टाकलं. दोन-चार मिनिटांनी लाईट आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि या खेपेला हात निसटला. कोलाडच्या बायजाबाईंच्या गणपतीचं एक बुबुळ पार कोपऱ्यात गेलं. पुसून पुन्हा आखणार, तोच बाईंचा टेम्पो दारात हजर! बाई मूर्ती घेऊन गेल्या आणि काकांना जेवण गोड लागेना.

त्यांनी बल्ब बदलला, होल्डर बदलला, वीजवाल्यांचा यथेच्छ उद्धार केला आणि शेवटी वायरमन जितेशला बोलावलं. तो शिडीवर चढून वायर तपासत होता. खाली काका डोळे आखत बसले होते.

"ही बघ, गेली."

जितेशने आधी जळत्या बल्बकडे पाहिलं, मग काकांकडे. "काका, डावा डोळा उघडा बघू."

उघडला, तर लख्ख उजेड! उजव्यापुढे मात्र काळा पडदा. ब्रश हातातून गळून पडला. डोळा गेला तर आपल्यात उरतं काय, असं काकांच्या मनात आलं.

जितेशने तसंच त्यांना गाडीवर घालून पेणला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळा जेमतेम पाहिला आणि मानेची सोनोग्राफी सांगितली. काका भडकले. तक्रार डोळ्याची आणि तपासणी मानेची, हिला कळतं तरी का, असं त्यांनी बाईंसमोरच जितेशला विचारलं. बाईंनी रिपोर्ट येईपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं, की मानेतली उजवी रक्तवाहिनी आतून चरबीच्या थराने अरुंद झालीय. थराचा कण सुटतो, डोळ्यात अडकतो, अंधार होतो; कण सरकला की पुन्हा दिसतं. उद्या मेंदूत अडकला तर अर्धं अंग जाईल.

"म्हणजे स्प्रेगनच्या नळीत रंग सुकतो, आन् खपली सुटून तोंडाशी अडकते, तसं?"

"अगदी तसं."

"मग फुंकर मारा की."

"इथे फुंकर चालत नाही काका. खरवडावं लागेल."

मुंबईला जाऊन काकांनी मान खरवडून घेतली. राहिलेले डोळे त्या वर्षी सरूने आखले, आणि ते ती अजून ऐकवते.

पुढच्या वर्षी लाईट एकदाही गेली नाही. बायजाबाई आल्या तशी काकांनी गेल्या वेळची माफी मागितली आणि सरळ नजरेचा गणपती पुढे केला. बाईंचा चेहरा पडला.

"गेल्या वर्षीचा कसा हळूच मोदकाकडं बघत व्हता. अख्खी आळी बघून गेली. माला तसाच पायजे, विठू."

काकांनी डावा डोळा मिटला, श्वास रोखला. चार वेळा आखलं, चार वेळा पुसलं. नजर आपली सरळच! अखेर ब्रश खाली ठेवून त्यांनी मानेवरच्या व्रणावरून हात फिरवला.

"नाय जमायचं, बाय. त्याला मान तुंबायला लागते."