हौसा कावळीण आणि हत्तीशेठचा ठेका

एका जंगलात, बाळांनो, हौसा नावाची कावळीण राहत असे. जिभेची तिखट, पण कामाला वाघीण. उजाडलं की ती आणि तिच्या जावा घरोघरचा कचरा चोचीने निवडायच्या. साली हरणांना, चिंध्या-पिसं सुगरणींना, हाडं साळिंदराला. बदल्यात मिळणाऱ्या दाण्यांवर पिल्लं जगत.

एकदा सिंहमहाराज परक्या जंगलाचा दौरा करून आले. तिथे म्हणे कचराच नव्हता. दाखवला नसेल, पण राजाला सांगणार कोण? आल्या आल्या त्यांनी साऱ्या कचऱ्याचा ठेका हत्तीशेठला दिला. हत्तीशेठ सगळं एकत्र उचलत आणि तळ्याकाठी नेऊन ओतत. भोवती काटेरी कुंपण पडलं. फाटकावर तरस बसला.

"यापुढे कावळ्यांनी कचऱ्याला चोच लावायची नाही," कोल्हा प्रधान म्हणाला. "जंगलाची शोभा जाते."

"आणि आम्ही खायचं काय?" हौसाने विचारलं.

"त्यावर समिती नेमली आहे."

समिती जेवली. हौसाचं धाकटं पिल्लू उपासाने गेलं.

इकडे ढीग वाढता वाढता डोंगर झाला आणि एक दिवस तळ्यात घसरला. पाणी नासलं. युवराजांना उलट्या लागल्या, तेव्हा महाराजांना कावळे आठवले.

दरबार भरला. हौसाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. "हौसाबाई, तुमच्यावाचून जंगल अडलंय," महाराज गहिवरून म्हणाले. ती 'स्वच्छतादूत' झाली. तिचं मोठं चित्र फाटकावर लागलं.

पिल्लू गेलं तेव्हा न रडलेली हौसा त्या दिवशी रडली. जावांना म्हणाली, "चला गं, काम परत मिळालं!"

दुसऱ्या दिवशी शाल पांघरूनच ती फाटकाशी गेली. तरसाने काठी आडवी धरली.

"कुठे?"

"कामावर. डोळे फुटले का? चित्र कुणाचं आहे ते बघ की!"

तरसाने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "त्या बाई स्वच्छतादूत आहेत. तू कचरेवाली. हो बाजूला, हत्तीशेठ येतायत."

हौसाने अंगावरची शाल ओढून काढली आणि कुंपणावरून आत भिरकावली. डोंगर तेवढाच वाढला.

तात्पर्य: बाळांनो, कचरा वेचणाऱ्यांना मान द्यावा, शाल द्यावी, नारळ द्यावा. कचरा तेवढा देऊ नये. तो शेठजींचा असतो.