मुंगीने उथळ बाजू जिंकली त्याची हकिकत

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनी आणा की चार इमारतींच्या पाठीमागे एक मैदान पडले आहे, त्यात गुडघाभर गवत, एक मोडका झोपाळा आणि कोणाचीच नसलेली एक सायकल. आणले? आता डोळे उघडा, कारण मिटल्या डोळ्यांनी बखर वाचता येत नाही. या मैदानी वसाहतीचे क्रीडासंकुल कैसे उभे राहिले, तरणतलावापायी थोरामोठ्यांची मसलत कैसी फसली, आणि उंचीने लहान म्हणोन घरीदारी जीस मुंगी म्हणत, त्या दुसरीतल्या मुलीने कैसी फत्ते केली, ते साद्यंत लिहितो. पदरचे काही घातले नाही. घातलेच तर मिठाइतके.

वसाहतीचे अध्यक्ष म्हणजे मुंगीचे आजोबा, सभाधुरंधर, ठरावबहाद्दर, ज्यांची खुर्ची ते नसतानाही कोणी हलवत नसे. त्यांचे उजवे हात सचिवकाका, उंचीने ताडमाड, म्हणोन सभागृहाचे पंखे पुसण्याची वतनदारी त्यांजकडे. खजिन्यावर खजिनदार मावशी, जिच्या होकारावाचोन वसाहतीत खिळाही ठोकला जात नसे. या तिघांनी मोहीम हाती घेतली, आणि नकाशे काढावयास एका आर्किटेक्ट ताईस बोलावणे धाडले, आणि सभागृहात टेबल टेनिसच्या टेबलाभोवती खलबत बैसले. खलबत म्हणजे दार लावून केलेली कुजबुज. येथे दारास कडी नव्हती आणि कुजबुज चौथ्या मजल्यावर ऐकू जात होती, परी नाव खलबतच.

बॅडमिंटनचे कोर्ट एका बैठकीत सर जाहले. धावण्याचा मार्ग मात्र हातचा गेला, कारण तेथे मोटारगाड्यांच्या फौजेने आधीच तळ दिला होता, आणि गाडी जरा हलवा म्हणताच मालक ऐसे पाहत की जणू किल्ल्याच्या किल्ल्या मागितल्या. मग राहिला तरणतलाव. पलीकडच्या वसाहतीत तलाव होऊन गेला होता, निळ्या फरशीचा, आणि तेथील लोक संध्याकाळी ओले केस मिरवीत मुद्दाम आपल्या फाटकावरून जात. हा सल अध्यक्ष महाराजांच्या काळजात रुतला होता.

ताईने नकाशा पसरून विनंती केली की तलाव एका अंगास उथळ असावा, तेथे नवशिक्यांनी पाय टेकावे, आणि मग तळ हळूहळू उतरता न्यावा. यावर अध्यक्षांनी फर्मावले की उथळ तलाव म्हणजे मोठी बादली, पलीकडचे हसतील, सबब पाणी सर्वत्र खोल पाहिजे आणि त्यांच्याहून खोल पाहिजे. किती, हे कळावे म्हणोन त्यांनी खडू घेऊन भिंतीवर आपल्या छातीशी रेघ मारली. ती रेघ सचिवकाकांच्या बेंबीशी आली. हा कमीपणा जाणोन काकांनी ती पुसली आणि आपल्या खांद्याशी मारली. मग मावशी मागे राहती तर मावशी कसली! ती खुर्चीवर चढली आणि काकांच्या टाळूच्याही वर खडू टेकवोन खाली उतरली, आणि काकांनी हात लांबवून तीच रेघ चारी भिंतींवर फिरवली. शौर्य ऐसे वाढत गेले की छत आड आले नसते तर पाणी गच्चीवर पोहोचते.

ताईने पुसले, इतक्या पाण्यात पोहता न येणारा उतरला तर काय करावे. लागलीच ठराव जाहला की ज्यास पोहता येत नाही त्याने तलावात उतरू नये. एकमताने मंजूर, आणि चहा मागवला.

आता मुंगीची कथा ऐका. आजोबांचा विसरलेला चष्मा देऊन आजीने तीस धाडले होते, आणि ती दाराशी उभी राहून सर्व ऐकत होती. तिच्या शाळेतली मुले पोहावयास जात, परी तेथील तलावात मुंगीचे पाय तळास लागत नसत, म्हणोन तीस काठावर बाकावर बसवीत आणि साऱ्या वर्गाचे टॉवेल तिच्या मांडीवर ठेवीत. जैसे सुभेदार, जैसे हवालदार, तैसी मुले तीस टॉवेलदार म्हणत. आपल्या वसाहतीत तलाव होईल, तेथे पाय टेकतील, मग आपण पोहावयास शिकू, या एका आशेवर तिने ती चाकरी सोसली होती. ती आशा आता खडूच्या रेघेखाली गेली.

तिने चष्मा आजोबांच्या पुढ्यात ठेवला, खुर्चीवरून टेबलावर चढली आणि टाचा उंचावल्या, तो तिचे डोके रेघेच्या वर आले. बाकी दरबार खाली चहा पीत होता.

"अगं, उतर खाली. टेबल मोडेल," आजोबा म्हणाले.

"नाही उतरणार. खाली पाणी आहे."

"कुठे पाणी?"

"रेघ तुम्हीच मारलीत ना? रेघेच्या खाली सगळं पाणी. आजोबा, तुम्ही आत्ता बुडालेले आहात. काका पण. मावशींच्या चहात तर कधीच पाणी गेलंय."

सर्वांनी मान वर करून भिंतीकडे पाहिले. बुडालेला मनुष्य बिस्किट खात नाही, हे जाणोन काकांनी हातचे बिस्किट बशीत ठेवले.

मुंगीने मग एकच सवाल टाकला, की येथे पोहता कोणास येते.

"मला येतं," सचिवकाका म्हणाले, "म्हणजे यायचं. लहानपणी."

"राहू द्या हो," मावशी म्हणाली. "सहलीला घोटाभर पाण्यात चप्पल वाहून गेली तर केवढा आरडाओरडा केलात."

"मग तुम्हाला येतं का?" काकांनी पुसले.

"मला पाण्यात फक्त कपडे भिजवता येतात."

ताईने पेल्यात तोंड लपवले. मग सर्वांनी आजोबांकडे पाहिले, आणि आजोबांनी चष्मा पुसावयास घेतला, आणि पुष्कळ वेळ पुसला. ताज्या ठरावान्वये तलाव बांधणारे सगळेच तलावास मुकले होते.

"आजोबा," मुंगी म्हणाली, "पाय टेकले तर मी शिकेन. नाही टेकले तर मी परत काठावरच बसणार."

बाळांनो, थोर सेनापतीची परीक्षा माघार घेताना होते. अध्यक्ष उठले, खिशातून रुमाल काढला आणि टाळूवरची रेघ पुसत चारी भिंती फिरले. काका मधे पडले की पलीकडचे काय म्हणतील. आजोबांनी हुकूम केला की हसणाऱ्यास हसू द्यावे, आणि फारच हसला तर त्यास उथळ बाजूस आणोन उभा करावा. मग मुंगीस भिंतीशी उभी केली, तिच्या काखेखाली रेघ मारली आणि ताईस सांगितले, "पाणी इथून सुरू."

येणेप्रमाणे उथळ बाजूची मोहीम फत्ते जाहली. जुना ठराव खोडून नवा लिहिला की ज्यास पोहता येत नाही त्याने आधी यावे, आणि त्याखाली तिघांनी सह्या केल्या, आणि मुंगीने शाईचा अंगठा उठवला, जरी तीस सही येत होती. पुढे तळ खणला गेला, फरशी बसली, पाणी भरले. पहिल्या दिवशी अध्यक्ष महाराज रबरी टोपी चढवोन पहिल्या पायरीपर्यंत उतरले आणि पाणी गार आहे ऐसा शेरा देऊन तेथेच कठडा धरोन थांबले. सचिवकाका घोट्यापर्यंत गेले. मावशी काठावरून सल्ला देत होती.

मुंगी एकेक पायरी उतरोन उथळ बाजूस आली. पाणी काखेशी आले, तळ पायांस लागला. तिने बोटांनी फरशी चाचपली, एकवार उडी मारोन खात्री केली. मग नाक चिमटीत धरोन तोंड पाण्यात घातले, आणि दोन्ही पाय वर उचलले.