झोंबणारं तेल

हे तुम्हाला पटणार नाही. पटू नये हेच बरं, कारण पटलेली गोष्ट माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो. मी सलूनच्या बाकावर बसून ती सांगायला घेतली, तेव्हा न्हाव्यानेही हात थांबवून विचारलं, "आजोबा, हेही डोळ्यांनी पाहिलेलं का?"

"डोळ्यांनी. चष्मा लावून."

खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडलं होतं. टॉवेलाखालून हुंकार आला. मी तो आग्रह समजलो.

तर, एक तेलवाला होता. त्याचा माझा घरोबा असा की त्याच्या घरात साखरेचा डबा कुठे आहे ते त्याच्याआधी मला ठाऊक. पुढच्या खोलीत विजेवर चालणारा घाणा, मागच्या खोलीत संसार. घाणा त्याचा, पण नाक बायकोचं. थेंबभर तेल तळहातावर चोळून ती सांगायची की बी जुनं आहे की ताजं, आणि वाळवताना ओल लागली होती का. घरात नियम एकच, तोही तिचा. घाण्यात बी बदललं की नव्या तेलाची पहिली धार बाजूला काढायची. आधीच्या बियांचा अंश तिच्यात उतरतो. ती धार बिजागऱ्यांना.

"पहिल्या धारेची..." न्हावी म्हणाला.

"ती वेगळी. तू वस्तऱ्याची धार बघ."

एकदा एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडे गोरखचिंचेच्या बियांचं पोतं आणलं. गोरखचिंच म्हणजे ते हत्तीच्या पायासारख्या बुंध्याचं झाड. मी असं एक पाहिलंय, त्याच्या पोकळ खोडात पोस्ट ऑफिस होतं. खोड वाढत गेलं, आणि पोस्टमास्तर रिटायर व्हायच्या सुमारास त्याला टेबलापासून दारापर्यंत यायला रिक्षा लागायची.

"पुढे," टॉवेल म्हणाला.

बायकोने व्यापाऱ्याला आधी विचारलं, "फळं ओरबाडलीत की खाली पडलेली वेचलीत?"

"वेचलेली, वहिनी. फोडून, गर सोडवून, बी धुऊन वाळवलंय."

बी दगडासारखं टणक, आणि तेल निघणार चमच्याचमच्याने. पण निघालं ते सोनेरी. चेहऱ्याला लावा, केसांना लावा, कोरड्या टाचांना लावा. एका पार्लरवालीने चार बाटल्या सांगितल्या.

नेमकी त्याच आठवड्यात बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली. मागे तेलवाल्याने मोहरी गाळली, आणि मोहरीवर गोरखचिंच. पहिली धार आली. त्याने ती पाहिली. एवढ्याशा तेलातून ही बिजागऱ्यांना घालायची, म्हणजे साय काढून मांजरापुढे ठेवायची. त्याने ती गुपचूप बाटल्यांत ओतली.

दुसऱ्या दिवशी पार्लरवाली आली ती पिकल्या टोमॅटोसारखं तोंड घेऊन. "काय दिलंत हो भाऊ? आग आग होतेय."

दुसरा कोणी असता तर पाय धरले असते. हा म्हणाला, "ताई, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. आत साचलेलं बाहेर निघतंय."

तिने आरशात पाहिलं. गाल लाल होतेच. त्या लालीला तिने तेज म्हणायचं ठरवलं, आणि संध्याकाळपर्यंत घाण्यापुढे रांग लागली.

"आजोबा, जरा दमानं घ्या," न्हावी खाकरला. खोकला झाला असेल म्हणून मी दमानं घेतलं नाही.

बायको परत आली. तळहात नाकाशी नेला आणि म्हणाली, "यात मोहरी आहे."

"किंचित."

"मिठाच्या खड्यानं दूध नासतं, तोही किंचितच असतो." तिने रांगेला न जुमानता घाणा धुतला, पहिली धार काढली आणि शुद्ध तेल बाटल्यांत भरलं. दोन दिवसांत सगळ्या बाटल्या परत. एक रिटायर हेडमास्तर काउंटरवर बाटली आपटून म्हणाले, "वहिनी, पाणी घातलंत का? आमच्या हिला मागच्या बाटलीने डोळ्यांतून धारा लागेपर्यंत गुण आला होता. ही लावली आणि ही बया मजेत बसून आहे."

मग तेलवाला मोहरीचं तेल पळीनेच घालू लागला. दारावर पाटी लागली: हाडं बळकट, रक्त शुद्ध, रोज एक चमचा पोटात. झाड हजार वर्षांचं, असंही तो सांगायचा. मला ते थोडं अतिशयोक्त वाटलं.

"अहो, ते गुण आंबट गराचे," बायको म्हणाली. "गर व्यापाऱ्याने सरबतवाल्याला दिला. तेलात काय उरतं ते मला विचारा."

"मी विचारून काय करू? लोक कुठे विचारतायत?"

आणि एक दिवस त्या हेडमास्तरांची बायको आली. पदराने तोंड झाकलेलं. पदर सरकला तेव्हा दिसलं, दोन्ही गालांवर फोड. तेलवाल्याची बायको उठून उभी राहिली. तिला वाटलं, आता शिव्या खायच्या. ती बाई हळूच म्हणाली, "हे आता लागू पडत नाही. याहून जास्त झोंबणारं आहे का?"

तेलवाल्याने फळीवरची बाटली काढली.

बायको त्याला म्हणाली, "ही बाटली त्यांच्या हातात गेली, तर मी या घरात नाही."

"उद्यापासून बंद करतो."

"उद्याचं कोणी विचारलं नाही."

बाईने हात पुढे केला होता. मागे रांग होती. त्याने बाटली दिली. बायकोने कपाटातून चार कपडे काढले आणि रांगेतूनच वाट काढत ती बहिणीकडे निघून गेली. रांगेतल्या एकीने तिला हटकलं, "वहिनी, मध्ये घुसू नका."

सलूनमध्ये कोणी हसलं नाही. न्हावी वस्तरा पुसत माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. गोष्ट अशी कडू सोडणं मला बरं वाटेना.

"मग काय," मी म्हणालो, "तेलवाल्याला पश्चात्ताप झाला. मोहरीचे सगळे डबे त्याने गटारात ओतले. गटारातल्या घुशी आठवडाभर शिंकत होत्या. मग तो मेहुणीच्या दारात जाऊन उभा राहिला. बायकोने दार उघडलं, म्हणाली, चहा घेता का? आणि दिवेलागणीला दोघं घरी. मी स्वतः त्यांच्याबरोबर चालत आलो."

खुर्चीतल्या माणसाने टॉवेल काढला आणि आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला मी आज पहिल्यांदाच पाहतोय," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण मोहरी मी ओतली नाही, आणि त्या दारापर्यंत मी गेलोच नाही."