पालकांना श्रेणी देणारे सर

आमच्या शाळेत श्रेणी मुलांना मिळते. मणेर सर मात्र ती पालकांना द्यायचे.

म्हणजे असं, की दुसरी-तिसरीतल्या एखाद्या चिरंजिवांनी पुठ्ठ्याची पवनचक्की करून आणली, तिची पाती खरोखर फिरत असली आणि खाली तळहाताएवढी हिरवळ चिकटवलेली असली, की सर चष्मा कपाळावर चढवून त्या वस्तूकडे एकदाच बघायचे. मग खिशातून चिठ्ठी काढून तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'काम उत्तम. पालकांना अ श्रेणी. पाल्याचे काम पाहण्याची इच्छा आहे.' खाली सही, तारीख. चिठ्ठी टाचणीने हिरवळीत खोचली जायची आणि पवनचक्की आल्या वाटेने परत जायची.

सर आमच्याकडे चित्रकला आणि हस्तकला शिकवतात. शाळा कसब्यातल्या एका बोळात, इमारत तीन मजली आणि सरांचा कलावर्ग गच्चीला लागून. तिथे चढून जायचा बहुतेकांना कंटाळा, आणि खाली शिक्षकांच्या खोलीत येऊन बसायचा सरांना. मी तिसरी ब ची वर्गशिक्षिका. त्यामुळे त्या चिठ्ठ्यांचे सगळे भोग माझ्या वाट्याला येत. चिठ्ठी सर लिहिणार आणि पालकांच्या ग्रुपवर रात्रंदिवस 'बाई, हा काय प्रकार आहे?' मला विचारलं जाणार.

प्रकार एवढाच, की कुठल्याही वस्तूवर कुणाचा हात फिरलाय हे सरांना कळायचं. हे त्यांच्या घराण्यातच होतं. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि बाई दुकानाची पायरी चढली की तिचा हात लांबूनच बघून ते माप काढून ठेवत. सरांचंही तेच. फक्त त्यांना हात दिसायची गरज नव्हती, हाताने केलेलं काम दिसलं की पुरे. एका इंजिनियर वडिलांना त्यांनी लिहून पाठवलं होतं, 'झाड पट्टीने आखले आहे. वडिलांना क.' एका आजीबाईंनी नातवासाठी भरतकामाचा मोर करून दिला, तर चिठ्ठी गेली, 'आजींना अ. उजवीकडे तीन टाके सुटले आहेत, डोळे तपासून घ्यावेत.' आजी चिडून डॉक्टरांकडे गेल्या आणि मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी सरांना बेसनाचे लाडू पाठवले. सरांनी ते खाल्ले आणि नातवाला पुन्हा मोर करायला लावला.

मुलांशीही ते गोड वगैरे बोलत नसत. एखाद्या पोराने डिंकात बरबटलेलं, एका बाजूला कललेलं काहीतरी समोर ठेवलं, की म्हणायचे, "वाईट आहे. पण तुझं आहे. ठेव तिकडे." यापलीकडे कौतुक त्यांच्याकडे नव्हतं, आणि मुलं तेवढ्यावर खूश असत. या अशा कौतुकास पात्र झालेल्या वस्तूंचं दर जानेवारीत प्रदर्शन भरायचं. भूकंप होऊन गेल्यावर टीव्हीवर गाव दाखवतात, तसं आमचं सभागृह दिसायचं. मुख्याध्यापिका दरवर्षी विनवायच्या, "अहो सर, बाहेरचे पाहुणे येतात हो!"

"येऊ देत की. आत येताना त्यांना सांगा, शाळा मुलांची आहे."

यंदा नोव्हेंबरात एक वडील थेट ऑफिसातून भांडायला आले. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात चिठ्ठी. "माझ्या मुलाने हे स्वतः केलंय, सर. आय वॉज जस्ट सुपरवायझिंग!" सरांनी मुलाच्या हातात कात्री दिली आणि म्हणाले, "बाळ, काहीतरी कापून दाखव." त्या बाळाने इकडेतिकडे बघितलं आणि वडिलांच्या गळ्यातली पट्टी कापली. ओळखपत्र खाली पडलं. सर म्हणाले, "हे मात्र त्याचं स्वतःचं काम. अ."

आता हसू येतं. तेव्हा मला त्या गृहस्थांची दीड तास समजूत घालावी लागली होती. मी तणतणत तीन जिने चढून गेले आणि सरांना नको नको ते बोलले. तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, फक्त हात दिसतात, असंही बोलले. सर ब्रश धूत होते. "झालं?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

यापुढचं सांगायला मला आवडत नाही, कारण त्यात मीही आहे.

माझ्या वर्गात तन्वी बोराडे नावाची मुलगी आहे. शांत, सांगितलेलं सगळं ऐकणारी, वहीला स्वतः कव्हर घालणारी. तिचे वडील खडकीला कारखान्यात कामाला आहेत. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते मला भेटून सांगून गेले होते, की तन्वीची आई फार आजारी आहे, डॉक्टरांनी आशा सोडलीय, पोरीकडे जरा लक्ष असू द्या. मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. इंग्रजीच्या बाईंना सांगितलं, खेळाच्या सरांना सांगितलं, डबे वाटणाऱ्या मावशींनाही सांगितलं. मणेर सरांना सांगितलं नाही. माझा अबोला होता ना.

डिसेंबरात सरांनी तिसरीला 'माझे घर' करून आणायला सांगितलं. तन्वीने आणलेलं घर मीही पाहिलं होतं. वीतभर उंचीचं, पांढरं, दोन मजल्यांचं. बाहेरून बारीक जिना आणि सहा खिडक्या. प्रत्येक खिडकीची दोन्ही दारं नखाने उघडता येत होती. एवढं नाजूक काम मी कुठल्या मुलाचं तर नाहीच, पण कुठल्या पालकाचंही पाहिलं नव्हतं. फक्त सगळ्या खिडक्या किंचित डावीकडे कललेल्या होत्या.

सरांनी चष्मा वर केला, एकदा बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. 'हात आईचा. आई डावखुरी असूनही काम सुरेख. आईला अ श्रेणी. तन्वीने स्वतःचे घर करून आणावे.'

"सर, मी पण मदत केलीय," तन्वी म्हणाली.

"मदत नकोय. घर हवंय."

सोमवारी ती स्वतःचं घर घेऊन आली. भिंती एकमेकींपासून फटकून उभ्या होत्या आणि छप्पर आत घसरलं होतं. सर म्हणाले, "वाईट आहे. पण तुझं आहे," आणि ते प्रदर्शनासाठी पहिल्या रांगेत काढून ठेवलं.

त्याच आठवड्यात तन्वीची आई गेली.

सरांना हे कळलं ते थेट प्रदर्शनाच्या दिवशी. बोराडे तन्वीचा हात धरून आले, सगळी टेबलं हळूहळू बघत फिरले आणि शेवटी सरांपाशी थांबले. मी शेजारीच उभी होते.

"सर, तन्वीचं घर कुठं ठेवलंय?"

सरांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं.

"हे न्हाई. तिच्या आईनं केलेलं."

"ते मी परत पाठवलं."

"घरी न्हाई सापडत. सगळीकडं बघितलं. म्हटलं तुमच्याकडं र्‍हायलं आसंल." मग आमचे चेहरे बघून त्यांनीच समजावून सांगितलं, "तिचं शेवटचं काम हाय ते. दिवस झाले आता तिचे. म्हणून हवं होतं."

तन्वीच म्हणाली, "बाबा, ते मी सोडवलं. आईने कसं केलंय ते बघायला. मग त्याचेच तुकडे कापून माझं केलं. सर म्हणाले होते ना, स्वतः कर."

बोराडे तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. रागावले असते तर सोपं झालं असतं, पण ते रागावणारे गृहस्थ नव्हते. मग सरांना म्हणाले, "डावखुरी नव्हती ती. उठता येत नव्हतं तिला. डाव्या कुशीवर पडून कापायची. औषधाची रिकामी खोकी उलटी करून केलं होतं. घरात दुसरं होतं काय? तुमची चिठ्ठी वाचून लई हसली. म्हणली, शाळेत कधी अ मिळाला नव्हता, आता मिळाला. चिठ्ठी हाय माझ्याकडं. घर तेवढं न्हाई."

ते गेल्यावर सर माझ्याकडे वळले. दोन महिन्यांनी आम्ही प्रथमच बोलत होतो.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्यांनी मान हलवली आणि ते जिना चढून वर गेले. त्यांनी मला एखादं खोचक वाक्य ऐकवायला हवं होतं. मी त्याच्या तयारीने उभी होते.

त्यानंतर सरांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. बाजारातून आणलेला, मागे किमतीचं लेबल तसंच असलेला मुखवटा त्यांनी मुकाट्याने ठेवून घेतला. मुलं बिथरली. एक जण तर वर्गात उभा राहून म्हणाला, "सर, हे माझ्या मावशीने केलंय, तुम्ही बघितलं नाहीत का?" सर म्हणाले, "बघितलं. बस खाली." आमच्या बोळाच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. तिथल्या मालकाने मला विचारलं, "अहो बाई, तुमचे मणेर सर बरे आहेत ना? रोज येऊन रिकामी खोकी मागतात. काय करायचंय विचारलं, तर म्हणाले, घर बांधायचंय."

मी एकदा मधल्या सुट्टीत धीर करून वर गेले. दार लोटलं तर सर बाकावर आडवे पडलेले. सरांचा देह काही बाकावर मावणारा नाही. निम्मं पोट बाहेर, चष्मा खाली जमिनीवर आणि डावा हात अंगाखाली दाबलेला. मी ओरडलेच, "अहो सर! काय होतंय तुम्हाला?"

"काही होत नाहीये. कापतोय. दार लावा, मुलं बघतील."

त्यांच्या उजव्या हातात कात्री होती आणि तोंडासमोर उलटं केलेलं खोकं. "असं पडलं, की कात्री आपोआप डावीकडे जाते," ते म्हणाले. "मला वाटायचं मला सगळं कळतं. बाई, दहा मिनिटांत खांदा भरून येतो. दहा मिनिटांत! आणि त्या माउलीने सहा खिडक्या कापल्या." त्यांचा आवाज चिरकला. मी तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज कधी चिरकलेला ऐकला नव्हता.

"सर, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हो," सर म्हणाले. "तो पुढचा तुकडा द्या इकडे."

मी तुकडा दिला. माझी माफी तेवढ्यावरच मिटली. मिटली असं मी तरी समजते.

पहिली तीन घरं त्यांनी स्वतःच फाडली. चौथं घर हुबेहूब झालं. तोच जिना, तशाच सहा कललेल्या खिडक्या. मला विचाराल तर बोराड्यांनी ते डोळे मिटून आपलं म्हणून घरी नेलं असतं. सरांनी आधी तन्वीला बोलावून घेतलं. मला म्हणाले, तुम्हीही थांबा.

तन्वीने घर हातात घेतलं. नखाने एक खिडकी उघडली. तिचा चेहरा उजळला आणि मला वाटलं, झालं, जमलं. मग तिने ते फिरवून मागची बाजू बघितली आणि परत टेबलावर ठेवलं.

"हे आईचं नाहीये."

"नाही," सर म्हणाले. "मी केलंय."

"आईच्या घराला मागे पण दार होतं."

सर त्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले. "मी मागून बघितलंच नव्हतं गं," ते म्हणाले. आठ वर्षांच्या मुलीसमोर ते हे सांगत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मागे कशाला होतं दार?"

"आई म्हणाली, तिला येता-जाता येईल. कुणाला उठवायला नको."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. दुसरं काय करणार?

सरांनी कात्री तिच्यापुढे धरली. तिने बोटाने जागा दाखवली, मग कात्रीचं टोक तिथे खुपसलं आणि जीभ दाताखाली धरून कापायला लागली. भिंत हलत होती, म्हणून सरांनी घर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, खाली मुलांची पळापळ झाली. दार एका बाजूला जरा फाटलंच. तन्वीने ते उघडून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा उघडलं. मग घर दप्तरात ठेवताना ते दार तिने उघडंच ठेवलं.