आधी माती, मग हवा

किसनराव वायरमन कोणाच्याही घरी गेले की प्रथम तांब्याभर पाणी मागतात; परंतु ते पीत नाहीत. तांब्या हाती आला की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "खड्डा कुठाय?" नवखा यजमान गोंधळतो. ही चौकशी अर्थिंगच्या खड्ड्याची असते. घरातली वाट चुकलेली वीज जिथून निमूटपणे जमिनीत जावी, त्या तारेच्या खड्ड्याची. तो सापडला की किसनराव त्याच्यापाशी उकिडवे बसतात, चिमूटभर माती बोटांत चोळून पाहतात आणि तांब्या तिथे रिकामा करतात. पाणी मुरेपर्यंत त्यांचे ओठ हलत असतात. पाणी मुरायला किती वेळ लागतो ते मोजतात, असे काही जण म्हणतात. घरमालकाला शिव्या देतात, असे बाकीचे म्हणतात. मी दुसऱ्या पक्षात होतो. सगळे काम संपल्यावरच ते स्वतःसाठी पाणी मागतात.

साठीकडे झुकलेले हे गृहस्थ कामथडीला एकटे राहतात. जुन्या मोटरसायकलला पाण्याचा एक कॅन बांधून ते भोरपासून वेल्ह्यापर्यंत हिंडतात. बारशाला गेले तरी बाळाच्या आधी खड्डा पाहतात. सारोळ्याच्या एका लग्नात पानावर जिलेबी वाढलेली असताना मांडवातल्या पंख्याची तार पाहून ते उठले, आणि परत आले ते कोपरापर्यंत चिखलाने माखून. पालीला एकाने गडावर जाणाऱ्यांसाठी राहण्याच्या खोल्या बांधल्या. तिथे एसी बसवताना किसनराव भिंतीवर ठोकलेल्या लोखंडी पाटीला स्वतःच लोंबकळले. मालक घाबरून म्हणाला, "अहो, पडाल की."

"म्या पडलो तर पाटी बदलू. मशीन पडलं तर तुमाला गिऱ्हाईक बदलावं लागंल."

त्यांची दोन वाक्ये या भागात सर्वांना पाठ आहेत. पहिले, "आधी माती, मग हवा." दुसरे, "घाई करंटला असती. आपल्याला कशाला?"

माझा जन्म संस्कृत शिकवण्यात आणि यथाशक्ती देवपूजेत गेला. यंत्राने गार केलेली हवा आपल्या घरी येईल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या चैत्रात माझ्या पत्नीच्या हृदयावर पुण्यात शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, छातीवरची जखम घामाने ओली राहता कामा नये, खोली गार हवी. भोरमध्ये त्या आठवड्यात पत्र्यावर पापड भाजावेत असे ऊन होते. आमची कन्या संध्याकाळी आईला मोटारीतून घेऊन येणार होती. एसीचे खोके आदल्या दिवशीच येऊन पडले होते. किसनराव सकाळी नऊला आले. काम दोन तासांचे, असे मी धरून चाललो होतो.

त्यांनी तांब्या मागितला आणि विचारले, "गुरुजी, खड्डा कुठाय?"

इथे माझ्या हातून जे घडले, ते लिहिताना आजही संकोच वाटतो. खड्डा मागल्या अंगणात होता. परंतु काही वर्षांपूर्वी अंगण स्वच्छ राहावे म्हणून मी सगळीकडे शहाबादी फरशी बसवून घेतली होती, आणि खड्डा तिच्याखाली गेला होता. हे सांगितले तर फरशी उखडली जाणार आणि दिवस जाणार, हे मी जाणून होतो. माती उघडी राहिली होती ती केवळ तुळशीभोवती. मी तिकडे बोट दाखवले.

किसनरावांनी तिथली चिमूट चोळली. सकाळीच पाणी घातलेले असल्याने माती ओली होती. त्यांचा चेहरा खुलला. "लई झ्याक. गुरुजींच्या घरची माती बगा कशी हाय." त्यांनी तांब्या ओतला; त्यांचे ओठ हलू लागले. मी दुसरीकडे पाहिले.

मग ते खोलीत आले आणि वैद्याने रोग्याची पाठ तपासावी तशी एकेक भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहू लागले. मी सुचवले, "पूर्वेची भिंत भक्कम आहे. देव्हाऱ्याच्या वर बसवा."

"अन् पानी ठिबाकलं तर?"

"देवांना अभिषेक होईल."

"देवाला चालंल, गुरुजी. देवाच्या खालच्या बोर्डाला चालायचं न्हाई." त्यांनी पश्चिमेची भिंत निवडली, आणि पलंग दोन हात सरकवायला लावला. "माईंच्या डोक्यावर कायबी नको. हवाबी नको अन् मशीनबी नको."

पाटी लावताना त्यांनी चार वेळा पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध स्थिरावेपर्यंत मलाही श्वास घेता आला नाही. पाटीला ते लोंबकळले, हे सांगायला नकोच. नळ्यांसाठी भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवले, म्हणजे पाणी घरात न येता बाहेर जावे. एसीसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड तार ओढली. मी शिडी धरून उभा होतो. मनाची घालमेल शमावी म्हणून मी नामजप सुरू केला.

वरून आवाज आला, "गुरुजी, तोंड हलवू नका. शिडी हलती."

दुपारी चारला सगळे जागच्या जागी बसले. खोलीत एसी, मागल्या भिंतीला बाहेरचे यंत्र. कन्येचा फोन आला, "बाबा, दवाखान्यातून निघालो. खोली गार झाली ना?" मी म्हणालो, "होतेच आहे." त्या दिवसातले हे माझे दुसरे असत्य.

किसनरावांनी पिशवीतून दोन तारा जोडलेला एक बल्ब काढला. एक तार विजेला, दुसरी अर्थिंगला. "झगझगीत पेटला पायजे," ते म्हणाले. बल्ब पेटला, परंतु विझत आलेल्या निरांजनाच्या वातीसारखा, नुसता लाल. त्यांनी तारा पुसून पुन्हा लावल्या. पुन्हा लाल.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सकाळचाच प्रश्न सावकाश विचारला. "गुरुजी, खड्डा कुठाय?"

मी फरशीकडे बोट दाखवले.

ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी मीटरपाशी जाऊन एसीचा फ्यूज काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

"आजची रात्र चालवू द्या," मी म्हणालो. "उद्या हवी तेवढी फरशी उखडा."

"न्हाई."

"अहो, आजारी माणूस येत आहे."

"म्हनूनच न्हाई."

"नवे यंत्र आहे. एका रात्रीत काय होणार आहे?"

"काय व्हनार न्हाई, आसंच समदी म्हनत्यात."

बाहेर ऊन रणरणत होते. खोलीत पंखा गरम हवा ढवळत होता. नव्या चादरीवर हात ठेवला तर तीही तापलेली. इतक्या वर्षांच्या जपतपाने जो संयम मी मिळवला असे समजत होतो, तो त्या क्षणी मला सोडून गेला. मी म्हणालो, "किसनराव, तुमच्या घरी वाट पाहणारे कोणी नाही, म्हणून तुम्हाला माझी घाई कळत नाही."

त्यांनी फ्यूज ठेवलेल्या खिशावर हात ठेवला. मग ते मोटरसायकलपाशी गेले आणि पहार, घण आणि तांब्याचा मुलामा दिलेली पुरुषभर उंचीची सळई घेऊन आले.

"फरशी उखडायला टाइम न्हाई," ते म्हणाले. "तुमी सकाळी दावला न्हवं, तिथंच करतो खड्डा. चालंल का तुळशीला?"

ती तुळस माझ्या पत्नीने लावलेली. तिच्या मुळांशी पहार चालवायची, या कल्पनेनेच अंगावर काटा आला. "मुळे तुटतील," मी म्हणालो.

"हातभर लांब घेतो. खड्ड्यात मीठबी घालत न्हाई, तुळस जळंल. निस्ता कोळसा घालू. पन मग रोज पानी लागंल त्याला. एक दिस चुकून चालायचं न्हाई."

मी तुळशीला हात जोडले आणि म्हणालो, "खणा."

फोन वाजला. "कात्रजचा बोगदा ओलांडला, बाबा."

मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पाटीभर कोळसा आणला. धोतर खोचून, कोळशाने काळवंडलेल्या हातांनी मला बाजारातून जाताना पाहून माझे दोन माजी विद्यार्थी नमस्कार करायचेच विसरले. परत आलो तेव्हा गुडघाभर खोलीवर पहार खडकाला लागली होती. किसनरावांनी वीतभर जागा बदलली आणि नव्याने सुरुवात केली. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"खेड शिवापूर," कन्या म्हणाली. "आई विचारते आहे, तुम्ही जेवलात का."

सळई खड्ड्यात उभी राहिली. ते घण घालू लागले आणि मी विहिरीवरून बादल्या आणू लागलो. प्रत्येक घावाला सळई बोटभर खाली जाई. एकदा ती थांबली. पाच घाव पडले तरी हलली नाही. त्यांनी कडेने बादलीभर पाणी सोडले, ते मुरू दिले, आणि सहाव्या घावाला सळई पुन्हा उतरू लागली.

"कापूरहोळला वळलो, बाबा."

आता अर्ध्या तासात गाडी दारात येणार होती. किसनराव सळईला तार आवळत होते. माझ्या तोंडून निघून गेले, "जरा लवकर."

"घाई करंटला असती," ते म्हणाले. परंतु या वेळी वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडले. खड्ड्यात कोळसा आणि माती भरली. मी शेवटची बादली ओतली. खोलीत येऊन त्यांनी पुन्हा बल्ब लावला.

खोली एकदम उजळली. भिंतीवर आमच्या दोघांच्या सावल्या पडल्या. किसनरावांनी खिशातला फ्यूज काढून पुसला आणि बसवला. एसीची झडप सावकाश वर झाली. त्यांनी बाहेरच्या यंत्राच्या पत्र्याला टेस्टर लावून पाहिला, मग पायातल्या चपला काढल्या आणि उलट्या हाताने पत्र्याला स्पर्श केला.

"टेस्टरने पाहिलेत ना?" मी घाबरून विचारले.

"व्हय. पन कापडं वाळत घालताना माई हितं अनवाणी येनार. टेस्टर न्हाई येनार."

गाडी आली. पत्नीला धरून आम्ही आत नेले. खोली पुरती गार झालेली नव्हती, परंतु गार होत होती. उशीला टेकल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "अहो, हात कसले काळे झालेत? मी दवाखान्यात होते, तोवर तुम्ही चूल पेटवलीत का?" तिच्या कपाळावर घाम नव्हता. मी तेवढेच पाहत होतो.

किसनराव अंगणात होते. तिन्हीसांज व्हायला आली होती. नव्या खड्ड्यापाशी उकिडवे बसून ते तांब्या ओतत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"मान्सं खड्ड्याला इसरत्यात, गुरुजी," ते वर न पाहता म्हणाले. "तुळशीला कुनी इसरत न्हाई. रोज सकाळी तिला घालताना हितंबी एक तांब्या घाला."

"घालीन. किसनराव, दुपारी मी जे बोललो, त्याची क्षमा करा."

"खोटं कुठं बोलला? वाट बगनारं न्हाईच कुनी." पाणी मुरेपर्यंत ते थांबले. "आमच्या घरी कूलर व्हता. म्याच बशिवल्याला. आसाच उन्हाळा, खड्डा पार वाळल्याला. सकाळी निघताना माजी बायकू सुमन म्हनली, खड्ड्याला पानी घालून जावा. म्या म्हनलो, आता घाईत हाय, सांच्याला घालतो. सांच्याला आलो, तर ती कूलरपाशी पडल्याली."

ते उठले नाहीत. मीही शेजारी मातीतच बसलो. आत एसीचा मंद आवाज येत होता आणि कन्या आईशी काहीतरी बोलत होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुमी एवढं शिकलेलं. पानी घालताना काय मंतर म्हनायचा असतुया का?"

गेलेल्यांना पाणी देण्याचे मंत्र मी आयुष्यभर म्हटले आहेत आणि दुसऱ्यांकडून म्हणवून घेतले आहेत. त्यांतला एकही त्या वेळी माझ्या तोंडी आला नाही.

"मंत्र नसला तरी चालतो," मी म्हणालो. "ज्याच्यासाठी पाणी, त्याचे नाव घ्यावे."

"त्ये तर घेतोच," किसनराव म्हणाले. मग रिकामा तांब्या माझ्या हाती देऊन त्यांनी प्यायला पाणी मागितले.