चार दिवसांचे मोजे

पेटीत प्रयोगशाळेतच वाढवलेल्या, निरोगी डासिणी चाळीस. नर चावत नाहीत, म्हणून नर शून्य. काचेची दुतोंडी नळी एक, मलमाची डबी एक आणि भावोजींनी सलग चार दिवस घातलेले मोजे दोन. धाकटीने सगळं दोनदा मोजलं आणि कॉलर ताठ केली.

वयाने सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. तोंडाने मात्र थोरली!

"बघाच सर! डास माणसाला वासाने शोधतो आणि हे मलम त्याच्या नाकालाच चकवतं. एका तोंडाशी नुसता मोजा, दुसऱ्याशी मलम लावलेला. सगळ्या नुसत्या मोज्यावर तुटून पडतील!"

"नाही पडल्या, तर उद्यापासून तू झुरळांच्या विभागात," सर म्हणाले.

धाकटीच्या अंगावर काटा आला. झुरळ दिसलं की ती टेबलावर चढायची आणि कुणीतरी उतरवेपर्यंत तिथेच राहायची! तिने श्वास रोखून पेटीचं नळीकडचं दार उघडलं.

एकही डासीण मोज्याकडे फिरकली नाही! सगळ्या काचेवर बसून राहिल्या, जेवणानंतरच्या कारकुनांसारख्या.

तिने घाईघाईने फोन लावला. "भावोजी, मोजे चार दिवस घातलेत ना?"

"घातले म्हणजे काय! तुझी ताई चार दिवस दुसऱ्या खोलीत झोपतेय!"

"मग डास का येत नाहीत?"

"येतील कसे? रोज तुझंच मलम चोपडून मोजे चढवायचो. झकास आहे गं!"

धाकटीने कपाळावर हात मारला. "सर, दोन्ही मोज्यांना मलम आहे! बिनमलमाचा हवा."

लिफ्ट बंद होती. सर सात मजले चढून आले होते. धाकटीची नजर हळूच त्यांच्या बुटांवर गेली.

"खबरदार!"

"विज्ञानासाठी, सर!"

"एकच देईन."

सरांनी उजवा बूट काढला आणि खोलीची हवाच पालटली. धाकटीने नाक दाबून मोजा नळीशी धरला. डासिणी खडबडून उठल्या. पण गडबडीत नळीच्या तोंडाला जाळी लावायची राहून गेली होती! झुंडच्या झुंड बाहेर आली. मोज्याला कोण विचारतो, समोर अख्खा पाय उघडा होता!

"अगं, आवर त्यांना!" सर एका पायावर नाचू लागले.

"हलू नका सर, मोजताना चुकतंय!"

"मोजतेस काय! ते मलम आण इकडे!"

सरांनी अर्धी डबी बोटांपासून घोट्यापर्यंत फासली आणि धापा टाकत खुर्चीत कोसळले. धाकटीने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं :

उजवा पाय. मलमाआधी तीन मिनिटांत चावे तेवीस. मलमानंतर तीन मिनिटांत शून्य.